थोडासा कल

माझ्या मावशीला तिच्या कामाच्या ठिकाणी कुणी नावाने हाक मारत नाही. तिथे ती टेपबाई. एकोणतीस वर्षं ती पदार्थविज्ञानाच्या एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे, आणि तिथल्या प्रत्येक वायरीला, नळीला, खटक्याला तिने रंगीत चिकटपट्टी लावून ठेवली आहे. पट्टीवर बारीक, उभट अक्षरात क्रमांक आणि तारीख. टेपबाईंसमोर फार वेळ उभं राहू नका, त्या तुम्हालाही टेप लावतील, असं तिथे नव्या माणसाला सांगतात. हे तिच्या कानावर गेलं तेव्हा ती म्हणाली होती, "लावेन की. निम्म्या लोकांना आपलं दुसरं टोक कुठे जोडलंय तेच माहीत नसतं."

हा विनोद तिने काका असताना केला होता. नंतर केलेला मला आठवत नाही.

शिकायला म्हणून मी तिच्याकडे राहते त्याला आता तीन वर्षं होतील. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, एक अरुंद स्वयंपाकघर. पुढच्या खोलीत मावशीच्या सासूबाई आणि त्यांचा टीव्ही. आतल्या खोलीत मावशी, आणि भिंतीकडच्या खाटेवर मी. सासूबाईंना मी आजी म्हणते. त्या एक्याऐंशीच्या आहेत. गुडघे गेले आहेत, जीभ शाबूत आहे.

काका शाळेत भूगोल शिकवत. त्यांना सकाळची पहिली बस गाठावी लागे, म्हणून मावशीच्या उशाशी पाच चाळीसचा गजर. दोन वर्षांपूर्वी ते वर्गात नकाशा गुंडाळता गुंडाळता खाली बसले आणि उठले नाहीत.

त्या दिवसांत मी या दोघींना जवळून पाहिलं. आजींनी हातातलं ताट भिंतीवर फेकलं. काकांच्या कपाटातले कपडे जमिनीवर ओढले आणि त्यांच्यावर आडव्या झाल्या. समजूत घालायला आलेल्या शेजारणीला "तुझा मुलगा जिवंत आहे ना, मग तोंड बंद ठेव" असं म्हणाल्या. नऊ दिवस केसांना फणी नाही. ही बाई काही महिना काढत नाही, असं जिन्यात लोक हळू आवाजात बोलत, आणि मलाही तसंच वाटत होतं. मावशीने तीन दिवस रजा घेतली. चौथ्या दिवशी इस्त्रीचे कपडे घालून कामाला गेली. किती सावरली आहे, असं त्याच जिन्यात त्याच लोकांनी म्हटलं.

तिसऱ्या महिन्यात आजी खालच्या मजल्यावरच्या बाईंशी पत्ते खेळायला लागल्या. लबाडी करून जिंकायच्या. टीव्हीवरच्या खलनायिकेला शिव्या घालायच्या, आणि काकांची आठवण निघाली की डोळे पुसून पुन्हा पत्ते पिसायच्या. मावशी मात्र चौथ्या दिवशी जशी होती तशीच राहिली. कोसळली नाही, जेवत होती, दुधाचा हिशोब ठेवत होती. फक्त पाच चाळीसचा गजर तिने बदलला नाही. तिचं काम साडेनऊला सुरू होतं. गजर वाजायचा, ती तो बंद करायची आणि खाटेच्या कडेला बसून राहायची. उजेड होईपर्यंत. तिची पाठ मला माझ्या खाटेवरून दिसायची, जरा डावीकडे झुकलेली. एकदा मी म्हटलं, "मावशी, गजर पुढे सरकव ना."

"सरकवते," ती म्हणाली.

तिचं काम काय, हे मला कळायला वेळ लागला. तिच्या प्रयोगशाळेत बारा अणू एका ओळीत टांगून ठेवतात. टांगतात म्हणजे धाग्याने नव्हे. एका हवा काढलेल्या डबीत, विजेच्या जोरावर, अधांतरी. प्रत्येक अणू म्हणजे एक इवलीशी सुई समजायची. सगळ्या सुया आधी उभ्या करायच्या, मग त्यांना एक ठरावीक धक्का देऊन एकाच बाजूला कलवायचं आणि सोडून द्यायचं. सुया एकमेकींवर परिणाम करत राहतात. थोड्या वेळाने ओळीतल्या कुठल्याही तीन-चार सुया पाहिल्या तर त्या कुठे कलल्या होत्या हे ओळखू येत नाही. त्या शांत झाल्या, असं म्हणायचं. हे सारं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. धक्का दोन प्रकारचा, लहान आणि मोठा. तो ज्या दोन वायरींतून जातो त्या मावशीने बनवलेल्या. दोन्ही दिसायला सारख्याच. फक्त एकीच्या पोटात सिग्नल कमी करणारा बोटाच्या पेराएवढा तुकडा आहे. तीत लहान धक्का, तिला हिरवी टेप. दुसरीला लाल.

प्रयोगाच्या प्रमुख मॅडम आहेत, मावशीहून दहा वर्षांनी लहान. त्यांच्या हाताखाली पीएचडी करणारी एक मुलगी आहे, तिला सगळे घाई म्हणतात, कारण ती जिना कधी एक-एक पायरी उतरत नाही. गेल्या महिन्यात घाईने आकडे काढले आणि दुपारी डबा खाणाऱ्या मावशीच्या टेबलावर कागद आणून ठेवला. पुढचं सगळं मावशीने मला घरी येऊन सांगितलं, तुकड्यातुकड्यांनी, तीन संध्याकाळी.

"टेपबाई, हे बघा. उलटं आलंय."

"काय उलटं?"

"जास्त कललेल्या आधी शांत झाल्या. थोड्या कललेल्या मागे राहिल्या."

मावशीने हात पुसले. "असं कसं होईल? ज्याला लांबून यायचंय तो उशिरा पोचणार."

"मी तीनदा काढलं!"

मग मॅडम आल्या. त्यांनी कागद पाहिला, खुर्ची ओढली आणि तो पुन्हा पहिल्यापासून वाचला. असं होऊ शकतं, त्या शेवटी म्हणाल्या. गणितात दिसलं आहे, दुसऱ्या काही जणांना प्रयोगातही दिसलं आहे. मावशीला त्यांनी त्यांच्या पद्धतीने समजावलं, "खोली रिकामी करायची आहे असं समजा. एका खोलीत सामान थोडं, पण ते वाहणारे हमाल म्हातारे. दुसरीत सामान ढीगभर, पण हमाल तरणे. कोणती खोली आधी रिकामी होईल?"

"हमाल कोण ठरवतं?"

"सामानच ठरवतं. जेवढा कल मोठा, तेवढे तो वाहून नेणारे चपळ. थोडा कल असला की तो संथ हमालांच्याच वाट्याला येतो."

मग मॅडमनी कागद खाली ठेवला आणि खरा प्रश्न विचारला. आकडे घ्यायच्या आदल्या दिवशी, ज्यातून धक्के सुटतात ती खटक्यांची पेटी दुरुस्त झाली होती. दोन्ही वायरी काढून परत जोडल्या होत्या. जोडल्यावर कोणत्या वायरीतून किती कल मिळतो हे एकदा तपासून घ्यायचं असतं. ते घाईने घाईत तपासलं नव्हतं. आणि आता, ज्याच्या उजेडात अणू पाहतात तो लेसर बिघडून दुरुस्तीला गेलेला, दीड महिना तरी परत येणार नव्हता. म्हणजे वायरींची अदलाबदल झाली असेल, तर उलटं आलेलं हे सगळं मुळात सुलटच होतं, आणि साऱ्या चमत्काराचं कारण एवढंच, की टेपबाईंनी हिरवीच्या जागी लाल जोडली.

"शुक्रवारी अहवाल पाठवायचा आहे," मॅडम म्हणाल्या. "हिच्या शिष्यवृत्तीची मुदतवाढ त्यावर आहे. वायरी बघायच्या तर यंत्राभोवतीचं कवच उघडावं लागेल, कवच उघडलं की लेसरचे आरसे हलणार, ते परत बसवायला तीन आठवडे. टेपबाई, तुम्ही जोडल्यात. तुम्ही सांगा, बरोबर आहेत ना? तुम्ही हो म्हणालात तर मी उघडत नाही."

एकोणतीस वर्षांत हा प्रश्न तिला शेकडो वेळा विचारला गेला असेल. उत्तर नेहमी एकच. लावलंय म्हणजे लावलंय.

त्या दिवशी तिला ते देता आलं नाही. पेटी दुरुस्त झाली तो दिवस तिला आठवत होता, कारण त्या दिवशी काकांना जाऊन बरोबर दोन वर्षं झाली होती. सकाळी ती घराची किल्ली आत ठेवून दार ओढून बाहेर पडली होती, आणि मला वर्ग सोडून धावत यावं लागलं होतं. दुपारी तिने वायरी जोडल्या. जोडल्या, एवढं आठवतं. कोणती कुठे, ते आठवेना. कवचाखाली डोकं घालून आडवं पडायचं, वर हात करून चाचपडत फिरकी आवळायची. हात आठवतात, रंग आठवत नाही.

"उद्या सांगते," ती म्हणाली.

घाई तिच्या मागे जिन्यापर्यंत आली. "टेपबाई, तुम्ही कधी चुकत नाही. तुम्ही हो म्हणा ना."

"मी चुकत नाही हे तुला कुणी सांगितलं?"

"सगळेच सांगतात."

त्या संध्याकाळी आजींना तिने थोडक्यात सांगितलं. टीव्ही चालू होता, आवाज मोठा, कारण रिमोटचे सेल संपत आले होते आणि आवाज कमी करायला बटण दहा वेळा दाबावं लागत होतं.

"मग म्हण हो," आजी म्हणाल्या. "कोण बघायला येतंय? आठ महिन्यांनी रिटायर होऊन घरीच बसायचंय तुला."

"आई, मुलीचा प्रबंध आहे त्यावर. चुकीचं निघालं तर तिच्या नावावर राहील ते."

"आणि उघडून तुझी चूक निघाली तर?"

मावशीने ओट्यावरचा कप विसळला, पालथा घातला. "तर मग भांडारात बसेन. खिळे मोजेन. तिथे काही चुकलं तरी कुणाचं काही जात नाही."

"एवढी नाकासमोर चालणारी असशील तर झोपताना तरी बाजूला ठेव ते नाक. रात्रभर कूस बदलत असतेस. आणि सेल आणलेस का माझे? महिना झाला."

"विसरले."

"विसरलीस. टेपबाई म्हणे."

मला त्या रात्री वाटलं, ती हो म्हणेल. थकलेलं माणूस हो म्हणतं, त्यात कष्ट कमी. सकाळी पाच चाळीसला गजर झाला. ती उठून बसली, आणि अंधारातच मला म्हणाली, "तू जागी आहेस ना?"

"हं."

"मला भीती चुकीची वाटत नाहीये गं. चूक होते. पण मी ती केली की नाही हेच मला कळत नाहीये. हातातलं काम असं कधी परकं झालं नव्हतं."

 मी उठून चहा ठेवला, एवढंच.

साडेनऊला ती मॅडमच्या खोलीत गेली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "मला माहीत नाही. उघडा."

मॅडमनी चष्मा काढला. "खात्री नाही म्हणता, की आठवत नाही?"

"दोन्ही एकच, मॅडम. उघडा."

कवच उघडायला दोन तास लागले. सहा पत्रे, अठ्ठेचाळीस स्क्रू. मावशीने ते डब्यात क्रमाने ठेवले, प्रत्येक पत्र्याचे आठ वेगळे. घाई टॉर्च धरून बसली होती आणि नखं खात होती. शेवटचा पत्रा निघाल्यावर मावशी पाठीवर सरकत टेबलाखाली गेली. बाहेर फक्त तिच्या चपला दिसत होत्या.

"काय दिसतंय?" मॅडमनी विचारलं.

चपला जरा आत सरकल्या.

"टेपबाई?"

"दोन्हीला लाल आहे," आतून उत्तर आलं.

ऐकणाऱ्या दोघींना आधी समजलंच नाही. मग समजलं. हिरवी टेप कुठल्याच वायरीला नव्हती. नव्या टेपचं रीळ तिच्या खिशात होतं, जुनी पट्टी काढून नवी लावायची ही तिची पद्धत. त्या दिवशी तिने दोन्ही वायरींना एकाच रिळातून पट्टी फाडून लावली होती. दोन्हींवर तिच्याच अक्षरात तारीख, आणि दोन्हींवर एकच क्रमांक. एकोणतीस वर्षांत तिने एकच क्रमांक दोनदा लिहिला नव्हता.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या केसांना धूळ लागली होती. घाईने आधारासाठी हात पुढे केला, तो तिने घेतला नाही. आधी दोन मिनिटं जमिनीवर बसून राहिली.

"मोजूया," ती म्हणाली.

टेप खोटी ठरली होती, पण वायरीच्या पोटातला तुकडा खोटं बोलणार नव्हता. मावशीने मोजायचं यंत्र आणलं, पुन्हा आत गेली, एकेक वायर न काढता तिच्या टोकाशी यंत्र लावलं. आकडे ती आतून मोठ्याने वाचत होती आणि घाई लिहून घेत होती. पहिली वायर, पेटीचं पहिलं भोक: सिग्नल कमी. दुसरी, दुसरं भोक: पूर्ण. लहान धक्क्याच्या भोकात लहान धक्क्याचीच वायर होती. पुन्हा मोजलं. मॅडमनी स्वतः आडवं होऊन तिसऱ्यांदा मोजलं.

वायरी बरोबर होत्या. चुकली होती ती फक्त पट्टी. उलटे आलेले आकडे खरे होते.

घाई रडायला लागली, मग हसायला लागली, मग दोन्ही. मॅडमचा जीव भांड्यात पडला असावा, कारण त्यांनी टेबलाखालूनच "वा, टेपबाई!" असं म्हटलं आणि उठताना डोकं आपटून घेतलं. "हातांना माहीत होतं तुमच्या," डोकं चोळत त्या म्हणाल्या. "बघा, डोकं कुठेही असो."

मावशी लाल पट्ट्या सोलत होती. एक सोलली, गोळी करून खिशात टाकली. हिरवी लावली. क्रमांक लिहिला. वाचून पाहिला. पुन्हा वाचून पाहिला.

"मॅडम," तिने विचारलं, "त्या सुया शांत होतात म्हणजे विसरतात का?"

मॅडम डोकं चोळायच्या थांबल्या. "नाही. तीन-चारच पाहिल्या तर विसरल्यासारख्या दिसतात. बाराच्या बारा एकदम पाहता आल्या तर सगळं तिथेच असतं. फक्त पसरलेलं. कुठल्या एकीपाशी सापडत नाही."

"बरं," मावशी म्हणाली. आणि मग, "मला घरी जायचंय."

"आत्ता?"

"आत्ता. उद्याही येणार नाही. आरसे बसवायला सोमवारी येते."

तिची कितीतरी दिवसांची रजा शिल्लक होती. मॅडमनी अर्जही मागितला नाही.

मी त्या दिवशी घरीच होते. दुपारचे अडीच वाजले असतील. दार उघडल्यावर आजींनी टीव्हीवरून मान वळवली. "काय गं? काढलं नोकरीवरून?"

"नाही. वायरी बरोबर होत्या."

"मग तोंड असं का? आणि सेल?"

"आई, विसरले." ती पुढच्याच खोलीत, आजींच्या पलंगाच्या पायथ्याशी बसली. कामावरून आल्यावर ती तिथे कधी बसत नाही. खिशातून लाल टेपची गोळी काढून तिने पलंगाच्या लाकडी कडेवर ठेवली. "दोन्हीला लाल लावली होती मी. क्रमांकही एकच. त्याच दिवशी."

आजींना टेपचं काही कळत नव्हतं. दिवसाचं कळलं. टीव्हीतली बाई कुणाला तरी घराबाहेर काढत होती, आजींचं तिकडे लक्ष नव्हतं.

"मी तेव्हा ताट फोडलं," त्या म्हणाल्या. "चांगलं होतं ताट. जड. तू तेव्हा काय केलंस?"

"तुकडे उचलले."

"ते दिसलं मला. आणि नंतर?"

 मावशीने पाय वर घेतले आणि जिथे होती तिथेच, आजींच्या पायांशी, आडवी झाली. "अगं, माझे गुडघे," असं आजी म्हणाल्या, पण पाय आखडून त्यांनीच जागा केली. मला वाटलं ती रडेल. रडली नाही. तिचा श्वास हळूहळू जड झाला, तोंड किंचित उघडं राहिलं, आणि दिवसाढवळ्या, एवढ्या आवाजात, ती झोपली.

आजींनी रिमोट उचलून आवाजाचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. काही झालं नाही. मग मला बोटाने आतल्या खोलीकडे खूण केली आणि मनगटावर दोन बोटं टेकवली. मला कळायला वेळ लागला. मी मावशीच्या उशाशी ठेवलेलं गजराचं घड्याळ आणून दिलं. त्यांनी मागचं झाकण नखाने उघडलं, सेल काढला, रिमोटमधल्या एका जुन्या सेलच्या जागी बसवला.

"एक नवा असला तरी चालतं," त्या कुजबुजल्या.

चाललं. त्यांनी आवाज खाली आणला, आणखी खाली, आणि शेवटी टीव्हीच बंद केला. रिमोट उशीखाली ठेवला. घड्याळ तीनला पाच कमी असताना थांबलं होतं, ते त्यांनी पालथं करून पलंगाखाली सरकवलं. मग भिंतीला टेकून, पाय न हलवता, त्या बसून राहिल्या.

मावशी दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास उठली. इकडेतिकडे पाहून तिने पहिली गोष्ट विचारली ती ही, की किती वाजले, आणि घरात कुणालाच ते नक्की सांगता येईना.